मुलींच्या वाचनगटासाठी शाळेची खोली मिळवताना: माझा अनुभव

मुलींचा वाचनगट सुरू करायचाय, काय काय लागतं असं अधूनमधून कोणी ना कोणी विचारतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. पुस्तकं मिळतात. मुलींबरोबर बसून वाचणाऱ्या ताया मिळतात. मुली तर येतातच. अडतं ते खोलीच्या परवानगीपाशी, आणि आमचं तिथे इतकं अडलं होतं की अजून तालुक्याच्या त्या ऑफिससमोरून एसटी गेली तरी माझं डोकं तापतं.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. मी गावच्या वाचनालयात अर्धवेळ ग्रंथपाल आहे, ड वर्गाचं छोटं वाचनालय, ग्रामपंचायतीच्या वरच्या मजल्यावर एक खोली. तिथे बसून मी वर्षानुवर्षं एकच गोष्ट बघत आले. मुलगी पुस्तक बदलायला येते, दारातच उभी राहते, आत पेपर वाचत बसलेल्या बाप्यांकडे बघते आणि मग धाकट्या भावाला पुढे पाठवते. हीच मुलगी वर्गात पहिली-दुसरी येणारी असते. दहावीला चांगले मार्क पडतात आणि पुढे कॉलेजच्या अॅडमिशनच्या खिडकीवर स्वतःचं नाव सांगायला काकाला नाहीतर भावाला पुढे करते. बाप मुंबईला, आई बाजारात नाहीतर काजूच्या कारखान्यात, घरात मोठ्याने बोललं की आजी म्हणते "हळू गो, शेजारी ऐकतील." बोलायची सवय लागणार तरी कुठे?

वाचनालयात गट घेता येत नव्हता कारण ते उघडतंच संध्याकाळी पाचला, काळोख पडल्यावर वाडीवर परत जायचं म्हणजे कुठलीच आई पाठवणार नाही, आणि पाठवूही नये. शाळा हीच योग्य जागा. शनिवारी जिल्हा परिषदेची शाळा सकाळची असते, मुली गणवेशात तिथेच असतात, शाळा सुटली की दीड-दोन तास थांबायचं आणि उजेडात घरी. हायस्कूलच्या मुलींचाही रस्ता तिथूनच. ठरवलं ते असं की साधारण चार मुलींमागे एक ताई, ताई म्हणजे आपल्याच गावातली कॉलेजला जाणारी, नर्सिंग करणारी, डीएड करणारी मुलगी. शिकवणं हे तिचं काम नाही. त्या चौघींना वर्षभर ओळखणं, त्यांच्याबरोबर एक पुस्तक वाचणं, त्या बोलतील तेव्हा मधे न तोडता ऐकणं हे तिचं काम.

मुख्याध्यापिका बाईंना कल्पना आवडली. म्हणाल्या शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. तो एका बैठकीत झाला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत निम्म्या बायका असायला लागतात, आणि आमच्या समितीत त्या नुसत्या सहीपुरत्या नाहीत, अध्यक्षाच बाई आहेत, बाजारात मासे विकतात. सगळ्यांनी हो म्हटलं. फक्त शेवटी बाई म्हणाल्या, बाहेरच्या व्यक्ती शाळेत येणार म्हणजे वरची परवानगी लागेल, एक अर्ज देऊन ठेवा.

तो एक अर्ज.

पहिल्यांदा तालुक्याच्या ऑफिसात गेलो तेव्हा टेबलावरच्या भाऊसाहेबांनी अर्ज वाचला आणि सांगितलं, येणाऱ्या व्यक्तींची नावं जोडा. बरोबर आहे, जोडली. परत गेलो तर प्रत्येकीचं आधार कार्ड हवं. दिलं. मग संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज हवा, साध्या कागदावर चालत नाही. वाचनालयाचं लेटरहेड संपलेलं, ते छापून आणलं. मग पोलिसांची चारित्र्य पडताळणी हवी. आता हे मी स्पष्ट लिहिते, पडताळणी मागायलाच हवी. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरला शाळेतच लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं जे उघड झालं त्यानंतर शाळेत कोण येतंय हे तपासणं ही साधी गोष्ट आहे आणि तेव्हा सरकारने तसे आदेशही काढले. माझी चीड मागण्यावर नाहीये, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं यावर आहे. पडताळणीला वेळ लागतो. ऑनलाइन अर्ज, फोटो ठरलेल्या साइझचा, मग पोलीस स्टेशनमधून बोलावणं, आणि आमच्या दोन ताया हॉस्टेलला राहणाऱ्या, आधारवर गावचा पत्ता आणि मुक्काम दुसरीकडे, म्हणजे राहण्याचा वेगळा पुरावा. हे सगळं पहिल्या दिवसापासून सुरू केलं असतं तर बाकीच्या कागदांबरोबरच उरकलं असतं.

पडताळणी आली तर म्हणे पुस्तकांची यादी द्या. यादी दिली तर म्हणे साहेब मीटिंगला आहेत. मग साहेब ट्रेनिंगला. मग शिष्यवृत्ती परीक्षा. मग एकाने विचारलं, शाळेत मीना राजू मंच (मुलगा-मुलगी समानतेसाठीचा शाळेतला उपक्रम) आहे ना, मग हे वेगळं कशाला? दुसऱ्याने सुचवलं की 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतोच, तेव्हा एक कार्यक्रम घ्या की मोठा, फोटोपण चांगले येतील. मी त्यांना समजावून सांगितलं की एका दिवसाच्या कार्यक्रमात जी मुलगी बोलते ती आधीपासूनच बोलणारी असते, आम्हाला मागच्या रांगेतली हवी आहे आणि तिला तोंड उघडायला महिने लागतात. ऐकून घेतलं. अर्ज परत त्याच जाडजूड रजिस्टरखाली गेला, मी डोळ्यांनी बघितलं.

त्या ऑफिसच्या व्हरांड्यात एक लाकडी बाक आहे, एका बाजूने खिळा वर आलेला. त्यावर आम्ही किती बसलो त्याचा हिशोब नाही. आमच्याकडून तालुक्याला जाणारी गाडी सकाळची एक, परतीची दुपारची, म्हणजे काम असो नसो दिवस गेलाच. आणि यात सगळ्यात वाईट झालं ते असं की भाऊसाहेबांची बदली झाली आणि नवीन आलेले म्हणाले, असा काही अर्ज इथे नाहीये, नव्याने द्या. तेव्हा माझ्या पर्समध्ये पहिल्या अर्जाची प्रत होती, त्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. तो नंबर आवक रजिस्टरमध्ये शोधला तेव्हा मुकाट्याने फाइल निघाली. म्हणून सांगते, सरकारी ऑफिसात कागद दिला की आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. "देतो नंतर" म्हटलं तरी नाही.

हे सगळं चालू असताना मुली विचारायच्या, काकी, या शनिवारी आहे? मग काही दिवसांनी विचारायच्या बंद झाल्या. एकीची आई वाचनालयाच्या जिन्यात भेटली आणि माझी समजूत काढायला म्हणाली, "जाऊ दे वहिनी, पोरींचं काम ते, त्याला कोण घाई करतंय." त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलींना आम्ही सांगणार होतो की तुझं म्हणणं महत्त्वाचं आहे, आणि त्या आधीच बघत होत्या की त्यांच्यासाठीचा कागद कुठे कसा पडून राहतो.

दुसऱ्या दिवशी एका पानाचं पत्र लिहिलं. विषय एवढाच: या परवानगीसाठी लागणाऱ्या सर्व कागदपत्रांची पूर्ण यादी लेखी मिळावी, आणि परवानगी नाकारायची असल्यास कारणासह लेखी कळवावे. खाली समितीच्या अध्यक्षांची सही. सही घ्यायला गेले तर त्या म्हणाल्या, मी येतेच. टोपली शेजारणीकडे ठेवली, हात धुतले आणि आल्या. बाकावर बसल्याच नाहीत, शिपायाला सांगून सरळ साहेबांच्या केबिनमध्ये. "साहेब, शाळा आमची, पोरी आमच्या, समितीचा ठराव झालाय. नाही म्हणायचं तर नाही म्हणा, पण कागदावर म्हणा." साहेबांनी फाइल मागवली, पहिल्यांदाच पूर्ण वाचली असावी, दोन प्रश्न विचारले आणि त्याच दिवशी सही झाली. सगळे कागद आधीच पुरे होते! परतीच्या गाडीत अध्यक्षबाई मला म्हणाल्या, आधी का नाही गो बोलवलंस मला. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की अजून वाटतो.

परवानगीच्या अटी चांगल्या होत्या. शाळेतली एक शिक्षिका आवारात हजर हवी, खोलीचं दार उघडं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वहीत नोंद, मुलीच्या पालकांचं संमतीपत्र. तुम्हीही या मान्य कराच, उलट ऑफिसने नाही घातल्या तरी स्वतःहून पाळा. 2022 च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी, तिच्यातल्या बाईंना पहिल्या दिवसापासून गटाची माहिती देऊन ठेवा.

बाकीचं पटपट सांगते. पहिल्या शनिवारी कोणी बोललं नाही. एका ताईने नारळाची करवंटी घासून पॉलिश करून आणली होती, ती फिरवायची, जिच्या हातात करवंटी ती बोलणार, बाकीच्यांनी मधे बोलायचं नाही, आणि बोलायचं नसेल तर करवंटी नुसती पुढे देता येते. ही पुढे द्यायची मुभा फार महत्त्वाची. जबरदस्तीने बोलायला लावलेली मुलगी पुढच्या शनिवारी पोटात दुखतंय म्हणून घरी जाते.

गोष्ट वाचून झाली की तात्पर्य विचारू नका, तात्पर्य म्हटलं की त्यांना परीक्षा आठवते. आमच्या ताया विचारतात, यातलं कोण आवडलं नाही, कुठे राग आला, तू असतीस तर काय केलं असतंस. आम्ही एकदा धोंडो केशव कर्व्यांच्या लहानपणची हकीकत वाचली होती, ते इथलेच, दापोलीजवळच्या मुरूडचे. 1916 साली त्यांनी बायकांसाठी विद्यापीठ काढलं हे मुलींना शाळेत सांगतात, पण त्याच्या कितीतरी आधी ते परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले आणि तिथे वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना बसूच दिलं नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. करवंटी फिरत फिरत एका सहावीतल्या मुलीकडे आली जिने तोपर्यंत दर वेळी ती पुढेच दिली होती. तिने दोन्ही हातात घट्ट धरली, खाली बघत म्हणाली, "एवढा चालत गेला, त्याला तिथे कोणी पाणी तरी विचारलं का?" बाकीच्या एकदम बोलायला लागल्या, कोण कुठे ताटकळलं, कोणाला कुठून परत पाठवलं, दाखल्यासाठी, रेशनला, दवाखान्यात. घरी जायची वेळ झाली तरी थांबेनात. मी दाराशी बसून ऐकत होते आणि मला तो खिळावाला बाक आठवत होता.

पुस्तकांचं लिहायचं राहिलं. पैसे नाहीत म्हणून अडून बसू नका. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, जुने अंक नेटवर फुकट वाचायला मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट आहेत, प्रिंट काढून वाटता येतात. एका गोष्टीच्या निदान तीन-चार प्रती हव्यात, एकच पुस्तक असलं की एक वाचते आणि बाकीच्या खिडकीबाहेर बघतात.

ताई वर्षाच्या मधे बदलू नका. सोडून जाणार असं वाटत असेल तर घेऊच नका, तिच्या चौघींना ते फार लागतं. आणि तायांना आधीच नीट सांगा की मुलगी विश्वासाने काही गंभीर बोलली तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. 18 वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते कळवणं 2012 च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. 1098 हा मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर प्रत्येक ताईच्या फोनमध्ये पाहिजे, मुलींनाही पाठ पाहिजे.

कोकणातल्यांसाठी अजून एक, गणपतीच्या आधीचे शनिवार धरू नका, शिमग्यात धरू नका, आणि जुलैत पावसाचा रेड अलर्ट आला की सरळ सुट्टी द्या, पऱ्या म्हणजे ओढा भरला की वाडीवरच्या मुली अडकतात. आंब्याच्या दिवसात सुट्टीच्या दिवशी मुली कलमांत कामाला जातात, तेव्हा रागावून उपयोग नाही, त्या परत येतात.

आणि परवानगी फक्त त्या शैक्षणिक वर्षापुरती असते, हे पत्राच्या शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं, ते वाचा. दर जूनला नवीन अर्ज. पडताळणीची प्रमाणपत्रं, संमतीपत्रं, ठराव, पुस्तकांची यादी सगळं एकाच फाइलला, पहिल्या पानावर जोडलेल्या कागदांची यादी, दोन प्रती. यंदाचा अर्ज सातवीतल्या दोघींनी लिहिलाय, मी फक्त विषयाची ओळ सुधारली. अध्यक्षांची सही झाली आहे, सोमवारच्या सकाळच्या गाडीने देऊन येणार.