बोगदा संपेपर्यंत

परवा साताऱ्याहून येताना गाडी खंबाटकीच्या बोगद्यात शिरली आणि 2019 च्या डिसेंबरातला तो आमचा गोव्याचा प्रवास एकदम समोर आला, किती दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होते, आज बसलेच.

आमचा क्वायर, म्हणजे चार आवाजांत एकत्र गाणारा गट, पुण्याचा, 28 जण, त्यात सोप्रानो (बायकांचा वरचा आवाज) सगळ्यात जास्त आणि टेनर (पुरुषांचा वरचा) नेहमीप्रमाणे कमी, मी आल्टोत (बायकांचा खालचा). दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात एका गावच्या चर्चमध्ये संध्याकाळी 7 ला कार्यक्रम होता आणि आम्ही पहाटे 5 ला कॅम्पातून बसने निघालो. साधी बस, एसी नाही, सरकत्या काचांची. सगळ्यांना मैत्रिणी-मैत्रिणी शेजारी बसायचं होतं पण आम्हाला गाणं शिकवणाऱ्या सरांनी आधीच यादी करून आणलेली, प्रत्येक सीटवर दोन वेगळे आवाज. माझ्या शेजारी बास, म्हणजे पुरुषांचा खालचा आवाज गाणारे एक काका, ज्यांच्याशी मी दोन वर्षांत दोन वाक्यंही बोलले नव्हते. आणि दुसरा नियम म्हणजे बस चालू असताना गप्पा नाहीत. इंजिनचा आवाज असला की आपण नकळत वरच्या पट्टीत ओरडून बोलतो आणि चार तासांत घसा बसतो, हे आम्हाला आदल्या एका दौऱ्यात चांगलंच कळलं होतं. त्यामुळे बोलायचं असेल तर बस थांबल्यावर. नाहीतर हळू आवाजात गाणं, ते चालेल.

बसमध्ये गाऊन बघितलंय का कधी तुम्ही? पडदे, सीटची गादी, माणसं, सगळं आवाज पिऊन टाकतं, जराही घुमत नाही. हॉलमध्ये जे झाकलं जातं ते इथे उघडं पडतं. कराडच्या आसपास आम्ही ते सोळाव्या शतकातलं चार आवाजांचं लॅटिन गाणं हळूच म्हणत होतो आणि मला पहिल्यांदा ऐकू आलं की एका ठिकाणी मी सुरात असते ती शेजारच्या बासच्या आधारावर. काकांनी तिथे श्वास घेतला की माझा सूर हलायचा. तालमीत ते माझ्यापासून पंधरा फूट लांब उभे, तिथे कधी लक्षातच आलं नव्हतं. सरांनी सीटची यादी का केली ते तेव्हा समजलं.

कोल्हापूरला जेवण. तांबडा रस्सा कार्यक्रमाच्या दिवशी घ्यायचा नाही असं ठरलेलं, सगळ्यांनी वरणभात खाल्ला आणि कोमट पाणी. मग निपाणीवरून आजऱ्याच्या रस्त्याला लागलो आणि आजऱ्याच्या अलीकडे मागचं टायर बसलं. दीड तास गेला. तो दीड तास मात्र वाया गेला नाही, कारण आमच्यातल्या आजींनी सगळ्यांना रस्त्याकडेच्या झाडाखाली गोळा करून मांडो, म्हणजे गोव्याचं कोकणी गाणं, घोटून घेतला. आजी मूळच्या सासष्टीच्या, लग्न होऊन पुण्याच्या कॅम्पात आलेल्या, वय पंचाहत्तरच्या पुढे. त्यांचं म्हणणं एकच, तुम्ही पुण्याची पोरं नाकात बोलत नाही. कोकणीत "हांव" म्हणजे मी, त्यातला अनुस्वार नाकातून यायलाच पाहिजे, आणि आम्ही म्हणत होतो सरळ "हाव", म्हणजे मराठी माणसाच्या कानाला तर भलतंच. सासष्टीच्या लोकांसमोर सासष्टीचं गाणं म्हणायचं तर हे चालणार नाही हे आजींनी इतक्या कळकळीने सांगितलं की पुढे आंबोलीपर्यंत सगळी बस नुसती "हांव, हांव" करत होती.

आमचे ड्रायव्हर मामा साताऱ्याकडचे. टायर बदलून हात पुसत पुसत ते आजींशी बोलायला लागले, त्यांना जुन्या हिंदी गाण्यांचं भारी वेड. आजींनी त्यांना सांगितलं की त्या गाण्यांमागे व्हायोलिन वाजवणारे, वाद्यांचं स्वरलेखन करणारे कितीतरी लोक गोव्याचे. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून पोरांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवायचे आणि तीच पोरं पुढे मुंबईत आली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच, लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. मामा म्हणाले, "म्हंजी आपण त्यांच्याच गावाकडं चाललोय का?" अगदी त्या गावात नाही पण तालुका तोच, म्हटल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आंबोलीचा घाट उतरताना कानांना दडे बसून सगळ्यांचे सूर खाली यायला लागले म्हणून सरांनी गाणं थांबवलं. बांदा, म्हापसा, पणजी, मांडवीवरचा नवा पूल पटकन गेला, पण झुआरीला अडकलो. तिथला नवीन पूल तेव्हा झालेला नव्हता, जुन्यावर गाड्यांची रांग. साडेपाच वाजले, सहा वाजले. मग बसमध्येच पडदे ओढून बायकांनी साड्या बदलल्या, पुरुष सगळे पुढे मामांच्या मागे, रस्त्याकडे तोंड करून उभे, आणि उभ्या उभ्याच ओठांची ब्रर्र करून आवाज तापवणं सुरू. चर्चमध्ये पोचलो तेव्हा 6:40.

सर आत गेले, मधोमध उभे राहिले आणि एक टाळी वाजवली. टाळी केवढा वेळ घुमत राहिली! दिवसभर त्या कोरड्या बसमध्ये गायलेलो आम्ही, आणि आता इथे प्रत्येक स्वर पुढच्या स्वरात मिसळणार. सर एवढंच म्हणाले, लय कमी करतोय, माझ्याकडे बघा, शब्दांची शेवटची अक्षरं एकत्र सोडा. आणि आम्ही गायलो. मी फार कौतुक करणार नाही, पण त्या लॅटिन गाण्यातली ती जागा आली, काका पलीकडच्या टोकाला होते आणि तरी मला ते ऐकू येत होते, मी सूर धरून ठेवला आणि मला माहीत होतं की आत्ता ते श्वास घेतायत. मांडोला पहिल्या ओळीतल्या दोन म्हाताऱ्या बायका बरोबर म्हणायला लागल्या. आजींच्या डोळ्यात पाणी होतं, मी पाहिलं.

मामा शेवटच्या बाकावर बसून सगळा कार्यक्रम ऐकत होते हे आम्हाला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी ओल्ड गोवा बघून, बॉम जीझस चर्चच्या जांभ्या दगडाच्या भिंतींपुढे फोटो काढून संध्याकाळी परत निघालो. रात्री कोल्हापूर सोडल्यावर चहाला थांबलो तेव्हा मामांनी मला विचारलं, "ताई, एक कळंना. आमच्या भजनात बुवा म्हणतो, मागचे उचलतात, तेवढ्यात बुवा दम घेतो. तुमचा आवाज कुठं तुटतच नव्हता. तुम्ही श्वास कवा घेता?"

मी सांगितलं की आम्ही सगळे वेगवेगळ्या वेळी घेतो. शेजारचा घेत असेल तेव्हा आपण नाही घ्यायचा, गुपचूप सुरातून बाहेर पडायचं आणि गुपचूप परत यायचं. मामा बराच वेळ चहा हातात धरून उभे होते. मग म्हणाले, येताना खंबाटकीचा बोगदा लागतो (तेव्हा जाताना घाट चढावा लागायचा, बोगदा फक्त पुण्याकडे येणाऱ्यांसाठी होता), मी काचा उघडायला सांगतो, बोगद्यात शिरलो की एक सूर लावा, बाहेर पडेपर्यंत तुटता कामा नये.

पहाटेचे तीन वाजले असतील. अर्धी बस झोपलेली, त्यांना उठवलं. मामांनी दिवा लावला, गाडीचा वेग कमी केला, काचा सरकल्या, थंडगार वारं आत आलं. सरांनी ट्यूनिंग फोर्क (सूर द्यायचा धातूचा चिमटा) गुडघ्यावर आपटून कानाशी नेला आणि सूर दिला. शिरलो. आमचा आवाज काचांतून बाहेर जाऊन भिंतींवरून परत आमच्यावरच यायला लागला, पिवळे दिवे एकेक करून मागे जात होते, शेजारी काकांचा श्वास मला खांद्याला कळत होता, त्यांनी घेतला की मी धरून, मी घेतला की ते. मामा पुढे स्टिअरिंगवर, तोंड उघडं, तेही लावत होते सूर, त्यांच्या भजनाच्या वरच्या पट्टीत, आमच्यापेक्षा बरोबर एक सप्तक वर.

बाहेर पडलो. कोणी काही बोललं नाही. सरांनी परत फोर्क वाजवून बघितला, आम्ही पाव सुराने खाली आलो होतो. मामांनी मान वळवून विचारलं, "तुटला का?"

"नाही तुटला," सर म्हणाले.

मग साताऱ्याकडच्या खंडाळ्याचे दिवे दिसायला लागले.