स्पीकर दहा मिनिटांत लागला, दिवा १९ दिवसांनी

स्मार्ट स्पीकर घ्यायचा असेल तर आधी एकच चौकशी करा: घरातल्या राउटरचं लॉगिन (वायफायचा पासवर्ड नव्हे, राउटरच्या सेटिंग बदलायचा) कोणाकडे आहे? कुठला स्पीकर, कुठला रंग, सेल कधी लागतोय, हे सगळं नंतर. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी तुम्हाला सांगतेय, आणि अजून थोडी चिडूनच सांगतेय.

डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर आमचा वन बीएचके. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांचा पलंग खिडकीशी आणि दिव्याचं बटण दाराशी, त्यामुळे रात्री उठायचं म्हटलं की अंधारात चाचपडत जावं लागायचं. पलंगाजवळ बटण काढायचं तर भिंत फोडावी लागेल असं इलेक्ट्रिशियन म्हणाला. तोंडाने सांगितलं की दिवा लागावा, आणि सकाळी रेडिओ लागावा, एवढ्या दोन गोष्टींसाठी हा सगळा खटाटोप.

निवडीवर मी दोन आठवडे घालवले, त्यातले तेरा दिवस फुकट. अ‍ॅपलचा होमपॉड मिनी पहिल्याच दिवशी बाद झाला, कारण तो सुरू करायला आयफोन किंवा आयपॅड लागतो आणि आमच्याकडे सगळे अँड्रॉइड. उरले गुगल आणि अलेक्सा. फोनमधल्या गुगल असिस्टंटशी २०१८ पासून मराठीत बोलता येत होतं, तेव्हा स्पीकरशीही येत असेल असं मी गृहीत धरून चालले होते. पण आम्ही घेतला तेव्हा दोन्हीकडे भाषा दोनच, इंग्रजी आणि हिंदी. मग मराठीचा मुद्दाच निकालात निघाला आणि ठरवलं ते घड्याळावरून. अलेक्सावाल्या इको डॉट स्पीकरच्या एका प्रकारात पुढच्या बाजूला वेळ दिसते. रात्री किती वाजले ते चष्म्याशिवाय कळेल, म्हणून सासूबाईंनी तोच हवा म्हटलं. निवड झाली.

स्पीकर आला, अ‍ॅप उतरवलं, वायफायचा पासवर्ड दिला, दहा मिनिटांत बोलायला लागला. आकाशवाणी लागली, भीमसेन जोशींचे अभंग लागले. मी खूश.

मग स्मार्ट बल्ब, म्हणजे वायफायला जोडायचा.

बल्ब घेताना एक चूक होता होता वाचली, ती आत्ताच सांगून टाकते. आपल्याकडे बऱ्याच घरांत दोन पिनांचा, दाबून फिरवायचा होल्डर असतो, त्याला बी२२ म्हणतात. ऑनलाइन मात्र आटे असलेले ई२७ बल्बही भरपूर दिसतात. आधी होल्डर बघा.

तर बल्ब लावला. तो लुकलुकायला लागला, अ‍ॅपमध्ये आकडा वाढत वाढत नव्वदच्या पुढे गेला आणि ‘जोडता आले नाही’ असं आलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. बटण पाच वेळा चालू-बंद करून बल्ब रीसेट करायचा असतो, ते मी त्या संध्याकाळी इतक्या वेळा केलं की शेजारच्या काकू ‘लाइट जातायत का गं तुमच्याकडे?’ म्हणून विचारायला आल्या. टेबलफॅनसाठी घेतलेला स्मार्ट प्लगही जोडला जाईना. एकाच वेळी दोन वस्तू बिघडलेल्या निघाव्यात, हे मला पटेना.

बल्बच्या हेल्पलाइनवरच्या मुलीने पहिल्याच फोनला नेमकं विचारलं, ‘मॅडम, तुमच्या राउटरचं २.४ गिगाहर्ट्झ चालू आहे का?’ मला तेव्हा काही कळलं नाही. आता कळतं ते असं: राउटर दोन लहरींवर वायफाय सोडतो. ५ गिगाहर्ट्झचं वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर दमतं. २.४चं हळू, पण लांब जातं. फोन आणि स्पीकर या दोन्ही लहरी पकडतात. स्वस्तातले बल्ब आणि प्लग मात्र बहुतेक फक्त २.४च ऐकू शकतात. फोनवर वायफाय तपासणारं एक फुकटचं अ‍ॅप घेतलं, तर मजल्यावरच्या सगळ्यांची नावं दोन्हीकडे दिसली आणि आमचं फक्त ५वर. आमचं २.४ बंदच होतं.

बंद आहे तर चालू करा, एवढंच काम. राउटरच्या खाली चिकटवलेलं लॉगिन टाकून पाहिलं, चालेना. राउटर इंटरनेट कंपनीचा, आणि पासवर्ड त्यांनी बदललेला. म्हणून कंपनीला फोन केला.

‘मॅडम, स्पीड येतोय ना?’

‘येतोय. पण २.४ बंद आहे, ते चालू करून हवंय.’

‘स्पीड येतोय म्हणजे आमच्याकडून इशू नाही.’

तक्रार नोंदवली. दोन दिवसांनी मेसेज आला, तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. घरी कोणी फिरकलंही नव्हतं. दुसरी तक्रार, तोच प्रश्न, तोच मेसेज. तिसऱ्या वेळी मी सुरुवातीलाच सांगितलं की स्पीड येतोय. पलीकडचा मुलगा म्हणाला, ‘मग तक्रार कशाची टाकू?’ त्यांच्या यादीत पर्याय दोनच, नेट बंद आणि नेट स्लो.

बाराव्या दिवशी त्यांच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे एक गाळा. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, लॉगिन कस्टमरला देत नाही, लोक काहीतरी बदलतात आणि नेट बंद पडलं की आम्हाला शिव्या देतात. खरं सांगायचं तर यात तथ्य आहे. मी म्हटलं, नका देऊ, तुम्हीच चालू करून द्या.

‘त्यासाठी तक्रार टाकावी लागेल.’

‘तीन वेळा टाकलीय.’

त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं. ‘त्या तर सोडवलेल्या दाखवतायत.’

मी हात टेकले नाहीत, पण काउंटर टेकून तिथेच उभी राहिले. शेवटी कंटाळून त्यांनी लाइनमनचा नंबर दिला. तोही लगेच आला नाहीच. एकोणिसाव्या दिवशी आला, लॅपटॉप उघडला, तीनदा टिचक्या मारल्या. मी घड्याळ लावून बघत होते, एक मिनिटसुद्धा लागलं नाही. बल्ब पहिल्या फटक्यात जोडला गेला.

वर तो शांतपणे म्हणाला, ‘मीच बंद केलं होतं, मॅडम, कनेक्शन देताना. फोन २.४ला जोडला गेला की स्पीड टेस्टला आकडा कमी येतो, मग तुम्हीच फोन करता.’

आणि कनेक्शन घेतलं त्या दिवशी तो आकडा बघून मीच त्याला चहा पाजला होता.

जाता जाता त्याच्याकडून २.४ला वेगळं नाव देऊन घेतलं, म्हणजे फोन ५वर आणि बल्ब २.४वर असं निवडून जोडता येतं. तुमच्याकडे कोणी नवीन कनेक्शन द्यायला आलं तर तेव्हाच हे करून घ्या, नंतर तो भेटत नाही.

आणखी काही आठवतंय तसं. गिझर साध्या ६ अँपिअरच्या स्मार्ट प्लगवर अजिबात लावू नका. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर ओढतो, त्याला १६ अँपिअरचाच प्लग हवा. छताच्या पंख्याला असला प्लग उपयोगाचा नाही. स्मार्ट बल्बचं भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवावं लागतं, नाहीतर स्पीकरने कितीही हाक मारली तरी बल्ब मेलेलाच. सासूबाईंची चाळीस वर्षांची सवय, खोलीतून निघताना बटण बंद. सध्या त्यावर सेलोटेप आहे. माइक बंद करायचं बटण स्पीकरवरच असतं, ते दाबलं की लाल दिवा लागतो. पाहुणे आले की आम्ही दाबतो. आणि वीज गेली की राउटरही जातो आणि स्पीकरही, तेव्हा बॅटरी उशाशीच असू द्या.

मराठीचं काय झालं, तर ‘दिवा लाव’ हे अलेक्साला समजत नाही, पण ‘बत्ती बंद करो’ समजतं. त्यामुळे सासूबाई रात्री तिच्याशी हिंदी बोलतात, आणि तिने ऐकलं नाही की मराठीत रागावतात.

गेल्या आठवड्यात इंटरनेट कंपनीतून एका मुलीचा फोन आला, सेवेबद्दल अभिप्राय हवा होता. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर विचारलं, ‘ओके मॅडम. पण आता स्पीड येतोय ना?’