तीन किलो बटाटे

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला आणि मला सर्वात आधी आठवली ती राजमाची किल्ल्याची वाट. डिसेंबर १९८६, आमची नववी.

दादरहून शेवटची कर्जत लोकल पकडली, फलाटावरच सतरंज्या पसरून रात्र काढली आणि उजाडता उजाडता टेम्पोने कोंदिवडे गाठलं. भूगोलाच्या सरांनी आदल्या दिवशी वर्गातच सॅक भरायला शिकवलं होतं. अंथरूण तळाला, जड सामान पाठीला चिकटून, पाणी हाताशी. शिधा वाटून दिलेला. कुणाकडे तांदूळ, कुणाकडे डाळ, थोराड पोरांकडे टोप. माझ्याकडे बटाटे.

१९८२ च्या संपात बाबांची गिरणी सुटली ती सुटलीच. ते लालबागला भाजीची गाडी लावायचे. सहलीची वर्गणी भरणं जमणारं नव्हतं. शाळेत येऊन त्यांनी सरांना सांगितलं, "बटाटे माझ्याकडून." तीन किलो, एकेक निवडून घेतलेले, त्यांच्याच निळ्या चौकड्यांच्या पंच्यात गाठ मारून दिलेले.

कोंडाणे लेण्यांपर्यंत सगळे मजेत होतो. लाकडी घराचे वासे नि जाळ्या असाव्यात तसं सगळं दगडात कोरलेलं. चैत्यगृहाच्या दर्शनी भागात एक भंगलेला मोठा चेहरा आहे आणि तिथे ब्राह्मीत एक ओळ. कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं, एवढंच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने आपल्या नावाआधी गुरूचं नाव घातलंय, हे सरांनी दाखवलं आणि ती अक्षरं आमच्याकडून वहीत उतरवून घेतली.

खरी चढण त्यानंतर. जंगलातून अंगावर येणारी वाट, पायाखाली सुटे धोंडे. समोर दरीपलीकडे बोरघाटातली गाडी बोगद्यात शिरताना दिसायची, मग नुसता आवाज यायचा. माझी सॅक आईने जुन्या कॅनव्हासची शिवली होती, तिचे पट्टे खांद्यांत रुतत होते. सदऱ्याखाली बोट घालून पाहिलं तर कातडी सोलवटलेली. पुढचे दिसेनासे झाले होते, मागचे अजून वळणाआड होते. मी सॅक उतरवली, गाठोडं काढलं, एका धोंड्यामागे कारवीत सरकवलं आणि चालू लागलो. खांदे हलके झाले, पण पुढचा दीड तास मी कुणाशी बोललो नाही. बाबा गाडीसमोर उकिडवे बसून बटाटे निवडतायत, हेच सारखं डोळ्यांपुढे येत होतं.

दुपार कलता गडाच्या माचीवरच्या उधेवाडी गावात पोचलो. तिथून श्रीवर्धन हा राजमाचीचा बालेकिल्ला. वरून त्याचा जोड बालेकिल्ला मनरंजन, ढाकचा डोंगर आणि उल्हास नदीचं खोरं सोनेरी उन्हात पसरलेलं. मित्र अजूनही त्या संध्याकाळचं वर्णन करतात. मला त्यातलं फार थोडं आठवतं.

रात्री अंगणात चूल पेटली. "बटाटे कुणाकडे?" अशी हाक आली आणि माझ्या पोटात गोळा आला. मी उठलो, तेवढ्यात सर त्यांची सॅक घेऊन माझ्याजवळ येऊन बसले. आतून निळ्या चौकड्यांचं गाठोडं काढलं. गाठ बाबांचीच, तशीच. माझ्या हातात सुरी दिली आणि म्हणाले, "सोलायला घे. मी चिरतो."

बस्स. दुसरा शब्द नाही, तेव्हाही नाही आणि पुढे कधीही नाही.

सर दिवसभर सगळ्यांच्या मागून चालत होते. सर्वात हळू चालणाऱ्या पोराच्याही दोन पावलं मागे. साठीला टेकलेल्या त्या माणसाने स्वतःचं ओझं सांभाळून माझंही घाटावर चढवलं होतं. सर आता नाहीत. मीही त्यांच्याशी हा विषय काढला नाही, याची रुखरुख मात्र आहे.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर पंचा धुतला आणि सॅकवर वाळत टाकला. लोणावळ्यापर्यंतची पंधराएक किलोमीटरची वाट तो पाठीवर फडफडत होता. दादरला बाबा घ्यायला आले होते. मी पंचा दिला, तो त्यांनी खांद्यावर टाकला आणि सरांकडे वळले.

"पुरले ना हो सगळ्यांना?"

सर म्हणाले, "एकही उरला नाही."