हरेगावच्या वाटेवर एकशे छत्तिसावे स्तोत्र

हरेगावला पायी जायचे ठरवले तेव्हा माझ्या मनात नवस नव्हता. गेल्या वर्षी होता. धाकट्या भावाला उतार पडावा म्हणून हरेगावच्या मतमाउलीला, म्हणजे येशूची आई पवित्र मरिया हिला, साकडे घालून आले होते आणि पुढचा, ईस्टरआधीचा उपवासकाळ संपण्याआधीच तो गेला. त्यामुळे यंदा मागण्यासारखे काही उरले नव्हते. तरीही नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू झाल्यावर घरी बसवेना, म्हणून संगमनेरहून निघालेल्या पदयात्रेत सामील झाले. 1949 साली सुरू झालेली ही यात्रा 8 सप्टेंबरच्या, म्हणजे पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या, सुमारास भरते आणि आमच्या घरातल्या थोरल्यांनी ती कधी चुकवल्याचे मला आठवत नाही.

लोणी आणि बाभळेश्वर केव्हा मागे पडले ते सांगता येणार नाही. पहाटेचा अंधार, जपमाळ, चालणे, पुन्हा जपमाळ, यात वेळेचा हिशेब राहिला नाही. टेम्पोवर बांधलेला कर्णा मध्येच किंचाळायचा, त्याचा मला मनस्वी राग येत असे, आणि त्याच कर्ण्यावरून मास्तर बायबलमधले एकशे छत्तिसावे स्तोत्र घ्यायचे. या स्तोत्राची वचने 26 आणि प्रत्येक वचनाला लोकांनी द्यायचा प्रतिसाद एकच: ‘त्याची दया सनातन आहे.’ देवाने सूर्यचंद्र निर्माण केले, मिसर देशातून आपल्या लोकांना बाहेर काढले, तांबडा समुद्र दुभागला, रानातून त्यांना चालवत नेले, सीहोन आणि ओग या राजांना मारले, आणि प्रत्येक वेळी तीच दया. ओगच्या घरच्यांना ही ओळ म्हणता आली असती का, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. सूर्यचंद्रापर्यंत मी प्रतिसाद देत असे. पुढे आवाज फुटत नसे. मागच्या रांगेतल्या बायका मात्र एकही वचन न गाळता म्हणत राहिल्या. मी गप्प झाल्याने स्तोत्रात कुठे खंड पडला नाही, याचे तेव्हा मला वाईटच वाटले.

बाभळेश्वर सोडल्यावर दुपारी उजव्या टाचेला फोड आला. पाऊस उघडला होता, ऊन विलक्षण तापले होते आणि दोन्ही बाजूंना ऊस इतका उंच की वाऱ्याला यायला वाट नव्हती. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे मिसरमधून बाहेर आलेल्या त्या लोकांना सांगतो की रानातल्या चाळीस वर्षांत तुमच्या अंगावरचे कपडे जीर्ण झाले नाहीत आणि तुमचे पाय सुजले नाहीत. लहानपणापासून आवडणारे हे वचन त्या दुपारी मला सहन होईना. चाळीस वर्षे ज्याने एवढ्या लोकांचे पाय सांभाळले, त्याला माझ्या भावाचे एक शरीर सांभाळता आले नाही का, असे मी लंगडत, अगदी उघड आवाजात विचारले. शेजारून चालणाऱ्या आजींनी ऐकले असावे. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझी पिशवी तेवढी आपल्या खांद्यावर घेतली.

पाटाच्या पुलाजवळ एका वस्तीपुढे झाडाखाली रांजण भरून ठेवला होता. मी तिथे टेकले, तशी घरातून एक वयस्क बाई आली, खाली बसली आणि न विचारताच माझे पाऊल तिने आपल्या मांडीवर घेतले. मी संकोचून पाय ओढून घेऊ लागले. “पाय खाली नको टेकवू, लेकी, माती जाईल,” असे म्हणून तिने तो घट्ट धरला. कोमट पाण्याने टाच धुतली, पदराने नव्हे तर आतून आणलेल्या स्वच्छ फडक्याने टिपली, सुई दिव्याच्या ज्योतीवर धरली आणि दोरा ओवून ती फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढली. दोरा आतच ठेवून दोन्ही टोके कापली. पाणी हळूहळू दोऱ्यावाटे झिरपू लागले आणि ठणका उतरला. वरची कातडी काढू नको, तीच औषध आहे, असे तिने मला बजावले. दारावर गणपतीचे चित्र होते. मी कोण, कुठली, कशासाठी चालले आहे, यातले तिने काहीच विचारले नाही. रांजणाबद्दल मीच विचारले, तेव्हा ती म्हणाली, “आत्याबाई भरायच्या. त्या गेल्या, आता मी भरते. आषाढात दिंडी जाते तेव्हाही आणि तुमची माणसं जातात तेव्हाही. माणसं येणार हे ठाऊक असतं ना.”

तिथून पुढे मला बायबलमधले ‘विलापगीत’ हे पुस्तक आठवत राहिले. इसवी सनापूर्वी 586 च्या सुमारास यरुशलेम पडले, मंदिर जळाले, आणि त्या राखेत बसून कुणीतरी म्हणाले की परमेश्वराच्या करुणेला खंड पडत नाही, ती रोज सकाळी नवी होते. हे वचन आपण सांत्वनाला जातो तेव्हा सुटे वाचतो. पण ते पाच अध्यायांच्या मधोमध, तिसऱ्यात येते, आणि त्यानंतर रडणे पुन्हा सुरू होते. देवाने आपल्याला कायमचे टाकले आहे की काय, या धास्तीवरच ते पुस्तक संपते. देवाच्या विश्वासू प्रेमावर बोलणाऱ्याने डोळे पुसलेलेच असले पाहिजेत, अशी अट पवित्र शास्त्राने कुठे घातलेली मला दिसत नाही. ज्याला बोलवत नाही त्याच्या वाटचा प्रतिसाद मागच्या रांगेने द्यावा, म्हणून तर ते स्तोत्र असे रचले असेल.

श्रीरामपूर ओलांडून हरेगावला पोहोचलो तेव्हा गर्दीत चर्चच्या दारापर्यंतही जाता आले नाही. स्वयंसेवक शिट्ट्या फुंकून रांगा मागे ढकलत होते, मला पुन्हा राग आला, मिस्साचा, म्हणजे मुख्य उपासनेचा, बराच भाग नीट ऐकू आला नाही. ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सात मिळणारी पवित्र भाकर, मात्र त्याच गर्दीत, उभ्या जागी मिळाले, आणि भाऊ गेल्यानंतर प्रथमच मी ते कोणतीही तक्रार मनात न धरता घेतले.

घरी आल्यावर ते स्तोत्र एकटीने वाचले. तेविसाव्या वचनात देव आपल्या लोकांची त्यांच्या दैन्यात आठवण करतो, पण पंचविसाव्यात ‘आपले लोक’ ही मर्यादा राहत नाही. तो सर्व प्राणिमात्रांना अन्न देतो, असे तिथे म्हटले आहे. ओगच्या घरची मुलेही त्यात आली पाहिजेत, आणि पाटाजवळचा तो रांजणही. सीहोन आणि ओगच्या वचनांपाशी मी अजूनही थांबते. येत्या रविवारी मिस्सानंतर फादरांना गाठून त्याविषयी विचारणार आहे.