विहिरीत सोडलेला टेप

‘पाणीपातळी 3 मीटरनं वाढली’ हे वाक्य अहवालात आधीच टाईप झालेलं होतं. मला पाठवलं होतं ते पडताळणीला. बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातलं एक गाव, कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकामासाठी कायद्यानं खर्चायच्या पैशातून, नाला खोलीकरण आणि बंधारे. ज्या कंपन्यांची सीएसआरची रक्कम सरासरी 10 कोटी किंवा वर जाते, त्यांना 1 कोटी आणि त्यापुढच्या प्रकल्पांचं त्रयस्थाकडून मूल्यमापन 2021 पासून सक्तीचं आहे. त्यामुळे आम्हाला कामाला तोटा नाही.

विहीर मोजणं सोपं वाटतं. टेपला वजन बांधायचं, काठावर रंगानं खूण करायची आणि तिथूनच सोडायचा. नाहीतर पुढच्या खेपेला दुसरा माणूस दुसऱ्या बाजूनं मोजतो. त्याआधी विचारायचं, मोटर कधी चालू होती? शेतीची लाइट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रभर उपसलेल्या विहिरीत सकाळी टेप सोडला, तर मोजलं जातं ते लाइटचं वेळापत्रक.

जुनी नोंदवही उघडली. कामाआधीचं माप मे महिन्यातलं, नंतरचं ऑक्टोबरातलं! हे इतक्यांदा पाहिलंय की आता राग येत नाही. खरं तर येतो. बंधारे नसलेल्या शेजारच्या गावातल्या सहा विहिरी मोजल्या. मे महिन्यात तळ दिसणाऱ्या त्या विहिरींतही पाणी तेवढंच वर होतं.

परत येऊन टेप गुंडाळत होते, तर एक मावशी म्हणाल्या, “ताई, पानी मोजलं, आता ती गाडी बी मोजा.” दसरा होऊन गेलेला. ट्रकवर भांडी, सरपण, शेळी, वर लेकरं. कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, साखर कारखान्याला निघाले होते. “बंधारा झाला की,” मी म्हटलं. “आमचं रान वर हाय. पानी खालीच जातंय ना.”

आमच्या प्रश्नावलीत 84 प्रश्न होते. किती जोडपी ऊसतोडीला गेली, हा एकही नाही. ती माहिती तोडणीची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडे होती: कुणी किती उचल (आगाऊ रक्कम) घेतली, किती फिटली, मागच्या सालची बाकी किती, सगळं वर्षवार. इतका नेटका डेटा मी कुठल्याच संस्थेत पाहिलेला नाही, आणि तो कशासाठी ठेवलाय हे माहीत असल्यानं कौतुकही करवेना. वही दाखवली, फोटो काढू दिला नाही. बंधाऱ्यांआधीचा आणि यंदाचा, गावातल्या कोयत्यांचा आकडा जवळजवळ तोच.

मी ते परिच्छेदभर लिहिलं, आणि ‘3 मीटर’पुढे कंसात दोन्ही महिने घातले. छापील प्रतीत परिच्छेद नाही. कंसही नाही.