बीट, कोबीचा दांडा आणि फिकट पिल्लू

पोलिश शिव्या म्हटलं की इथे नुकताच आलेला माणूसही एकच शब्द सांगतो. तो मी लिहिणार नाही. पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहराच्या ट्रॅममध्ये बसलात तर दोन थांब्यांत आपोआप पाठ होईल. मला गंमत वाटते ती त्याच्या सोज्वळ भावंडांची. तो शब्द 'कुर'ने सुरू होतो, म्हणून सभ्य माणसं 'कुर'पर्यंत येतात आणि ऐन वेळी वळण घेतात: 'कुर्दे', नाहीतर 'कुर्चे'. कुर्चे म्हणजे कोंबडीचं पिल्लू. जरा जास्त वैताग असेल तर 'कुर्चे ब्लादे', फिकट पिल्लू! आमच्या ऑफिसातल्या एक वयस्कर बाई तर याच्याही वरताण. प्रिंटरमध्ये कागद अडकला की म्हणतात, "मोतिला नोगा!" फुलपाखराची तंगडी.

माणसाला नावं ठेवायची असतील तर ही मंडळी थेट स्वयंपाकघरात शिरतात. उद्धट, रीतभात नसलेला माणूस म्हणजे 'बुराक', बीट. मागे एका बसवाल्याने चाकांची पिशवी ओढत धावत आलेल्या आजींच्या तोंडावर दार लावलं. आजींनी आधी दम घेतला, मग काचेतून त्याच्याकडे रोखून बघत 'र' चांगला घोळवून म्हणाल्या, "बुर्र्राक!" थांब्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. या शब्दात खेडवळ म्हणून हिणवणंही येतं, त्यामुळे गावाकडून आलेल्या माणसासमोर जपून.

'ग्वोंप' म्हणजे कोबीचा दांडा, अर्थात ढ. सवलत दिसली की तुटून पडणारा तो 'चेबुलाक', कांदेवाला म्हणा हवं तर. (यातला 'च' चमच्यातला. आपल्याला तो आयताच येतो.) आणि 'ज्बान' म्हणजे घडा. पेवूएन ही शब्दकोश काढणारी प्रकाशनसंस्था तरुणांचा 'वर्षाचा शब्द' जाहीर करते, २०१८ साली हाच निवडला गेला. याचा अर्थ मला कुणाला विचारावा लागला नाही. आपण 'माठ' म्हणतोच की.

'स्वोइक' म्हणजे बरणी. नोकरीसाठी वॉर्सात आलेले लोक रविवारी घरून सूप आणि बिगोसच्या (आंबट कोबी-मांसाच्या रश्श्याच्या) बरण्या घेऊन परततात, म्हणून वॉर्साकर त्यांना हे नाव देतात. मला तरी यात टोमण्यापेक्षा असूयाच जास्त दिसते.

एक मात्र आवडत नाही: 'यानुश', म्हणजे गावंढळ, चिकट पोलिश माणसाला दिलेलं नाव. सँडलमध्ये मोजे, मिशा, हातात प्लास्टिकची पिशवी, बायको 'ग्राझिना', मीममध्ये लांब नाकाचं माकड. पगारात काटछाट करणारा छोटा मालक तो 'यानुश बिझ्नेसू'. पण ही खऱ्या माणसांची नावं आहेत हो! पन्नाशीपुढचे कितीतरी यानुश इथे सरळमार्गाने जगताहेत.

शब्दांपेक्षा अपमान होतो तो अनोळखी माणसाला 'पान' (साहेब) किंवा 'पानी' (बाई) न म्हणता एकदम 'ति', म्हणजे अरे-तुरे केलं की. म्हणून पार्किंगवरून हमरीतुमरीवर आलेला माणूसही अहो-जाहो सोडेलच असं नाही: "आले स्पाना बुराक!" म्हणजे, अहो, काय बीट आहात तुम्ही!