तुम्ही विचारलेत म्हणून: कृती तीच, यंत्र तेच, मग स्पंज वेगळा का?

‘गोठवायचे आणि निर्वातात वाळवायचे, एवढेच तर आहे. मग या खेपेचा कोलॅजेनचा स्पंज मागच्या खेपेसारखा का नाही?’ त्वचेत आणि हाडांत असणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनापासून जखमेवर ठेवण्यासाठी जो सच्छिद्र स्पंज आम्ही बनवतो, त्याबद्दलचा हा प्रश्न मला शल्यचिकित्सकांनी विचारला आहे, पेशींवर काम करणाऱ्या सहकाऱ्यांनी विचारला आहे आणि खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्यांनीही विचारला आहे. कॉफीसुद्धा अशीच वाळवतात, हे वाक्य त्याला बहुतेक वेळा जोडलेले असते. मी आजवर दोन वाक्यांत उत्तर देऊन विषय संपवत आले, आणि त्या दोन वाक्यांनी कोणाचेही समाधान झाले नाही. कोलॅजेन कशासाठी वापरतात, ते शरीरात कसे विरघळते, हे विचारणाऱ्यांना ठाऊक असते. म्हणून ते सोडून थेट मुद्द्यावर येते.

स्पंज वाळताना घडतो अशी समजूत आहे, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. सौम्य ॲसेटिक आम्लात कोलॅजेनचे तंतू घुसळून जी स्लरी आपण ट्रेमध्ये ओततो, तिच्यात कोलॅजेन बहुधा अर्धा टक्का असते आणि उरलेले जवळजवळ सगळे पाणी असते. गोठताना बर्फाचे स्फटिक वाढतात आणि तंतूंना बाजूला ढकलत आपल्यामधल्या फटींत दाबून बसवतात. त्या फटी म्हणजे उद्याच्या भिंती आणि ते स्फटिक म्हणजे उद्याची छिद्रे. नंतर दाब ६११ पास्कलच्या बराच खाली नेऊन बर्फाची थेट वाफ केली जाते, तेव्हा नवीन काही निर्माण होत नाही. आधीच ठरलेले फक्त उघडे पडते. वाळवण्याच्या टप्प्यात काम बिघडू मात्र शकते. ॲसेटिक आम्ल आणि पाणी यांचे मिश्रण उणे २७ अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत पूर्ण घन होत नाही, त्यामुळे उणे २० वर दगडासारखी कडक दिसणारी स्लरीही आतून पूर्ण गोठलेली नसते, आणि घाईने उष्णता वाढवली तर ओलसर राहिलेल्या भिंती कोसळतात. वाळवायला इतका वेळ का लागतो, या दुसऱ्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

छिद्राच्या आकाराचा एवढा आग्रह का, हेही थोडक्यात सांगते. संशोधक यानास आणि शल्यचिकित्सक बर्क यांनी कोलॅजेन व ग्लायकोसअमिनोग्लायकन (शरीरात आढळणारी लांब साखळीची शर्करा) यांच्यापासून बनवलेली कृत्रिम त्वचा गंभीर भाजलेल्या रुग्णांवर वापरून १९८१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे यानास यांच्या गटाने दाखवले की जखम आकसण्याला आवर घालणारी छिद्रे साधारण २० ते १२० मायक्रॉनच्या पट्ट्यात असतात. त्याच्या खाली किंवा वर गेले की परिणाम ओसरतो. हाडाच्या पेशींचे म्हणणे वेगळे आहे: २०१० मध्ये डब्लिनच्या एका गटाने ८५ ते ३२५ मायक्रॉनचे स्पंज तपासले, तेव्हा पेशी सर्वांत खोल आणि सर्वाधिक संख्येने ३२५ च्या स्पंजात गेल्या. म्हणजे छिद्राचा आकार हा दिसण्याचा गुण नाही. त्या पदार्थाचे कामच त्यावर ठरते.

२००४ मध्ये मिनिटाला ०.९ अंश अशा स्थिर वेगाने थंड करून अधिक एकसारखी छिद्रे मिळवल्याचे काम प्रसिद्ध झाले. ते वाचल्यापासून मी ठामपणे सांगत असे की शेल्फचे, म्हणजे यंत्रातल्या ज्या फळीवर ट्रे ठेवतो तिचे, तापमान ज्याच्या हाती, छिद्रही त्याच्या हाती. मी ते व्याख्यानांत सांगितले, विद्यार्थ्यांना शिकवले आणि एका रुग्णालयाशी जोडलेल्या गटाला लेखी कळवले. पुढचा प्रसंग त्या गटाशी संबंधित आहे.

आमचे काम साध्या प्रयोगशाळेतून क्लीनरूममध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेच्या धूळमुक्त खोलीत, हलले. माणसाच्या जखमेवर ठेवायचा पदार्थ उघड्या टेबलावर बनवता येत नाही, त्यामुळे हलणे आवश्यकच होते. कोलॅजेन त्याच लॉटचे, आम्लाचे प्रमाण तेच, ट्रे तेच, फ्रीझ-ड्रायर तोच आणि थंड करण्याचा वेगही तोच ठेवला. पहिली खेप निघाली तेव्हा स्पंज आधीपेक्षा शुभ्र दिसत होते, पोत बारीक होता, आणि आम्हाला मनापासून आनंद झाला. ती खेप त्या गटाकडे गेली. काही आठवड्यांनी उत्तर आले की आधीच्या स्पंजात त्वचेच्या पेशी खोलवर उतरत होत्या, या स्पंजात त्या वरच्या थरातच थांबल्या आहेत. मग बैठक झाली. गटप्रमुखांनी सर्वांसमोर विचारले, ‘तुम्ही काय बदललेत?’ मी म्हटले, काहीही बदललेले नाही, आणि नोंदवह्या पुढे ठेवल्या. त्यांनी त्या उघडल्याही नाहीत. ते म्हणाले, ‘म्हणजे आधीचा स्पंज योगायोगाने चांगला निघाला होता.’ इतकी वर्षे जे काम मी नियमबद्ध म्हणून मांडले होते, त्याला भरल्या खोलीत योगायोग म्हटले गेले, आणि माझ्याकडे त्या क्षणी उत्तर नव्हते. परतताना माझ्या सहकाऱ्याने विषय बदलण्याचा प्रयत्न केला. मला बोलवले नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली नव्या स्पंजाची छिद्रे उघडपणे लहान होती. कारण तापमानाच्या नोंदींत सापडले. पाणी शून्यावर आले की गोठते असे आपण मानतो, पण पहिला स्फटिक रुजायला काहीतरी आधार लागतो; तो नसेल तर द्रव शून्याच्या बराच खाली द्रवच राहतो. यालाच अतिशीतन म्हणतात. साध्या प्रयोगशाळेतल्या हवेत धूळ होती आणि ती स्लरीत पडत होती, त्यामुळे बर्फ उणे पाच-सहा अंशांच्या आसपास रुजत असे. गाळलेली हवा, निर्जंतुक पाणी आणि काटेकोर धुतलेले ट्रे आल्यावर तीच स्लरी उणे दहाच्याही खाली जाऊ लागली. इतक्या खाली गेल्यावर बर्फ सुटतो तो असंख्य ठिकाणी एकदम सुटतो, पाण्याची सुप्त उष्णता बाहेर पडून तापमान क्षणात शून्याकडे उसळते, आणि स्फटिक पुष्कळ पण लहान राहतात. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी जी स्वच्छता अनिवार्य आहे, तिनेच छिद्रे लहान केली, असे माझे वाचन आहे.

या वाचनाला विरोध आहे आणि तो मी लपवत नाही. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की कोलॅजेनचे तंतू स्वतःच रुजण्याला पृष्ठभाग देतात, मग धुळीला एवढे महत्त्व का द्यायचे? मला हा आक्षेप खोडता आलेला नाही. पण त्या बैठकीत पेशींबद्दल कोणी एक शब्दही विचारला नाही, हेही मला सांगायचे आहे. दुसऱ्या वेळी वापरलेल्या पेशी अधिक वेळा वाढवून घेतलेल्या होत्या, आणि अशा पेशींची हालचाल मंदावू शकते. त्यांचा वाटा किती आणि आमच्या छिद्रांचा किती, हे आजही कोणी वेगळे करून दाखवलेले नाही.

मग शेल्फ ज्याच्या हाती त्याच्या हाती छिद्र, असे सांगणाऱ्या त्या जुन्या मला आज काय म्हणायचे? शेल्फचा वेग स्फटिकांच्या वाढीवर खरोखरच राज्य करतो, ते काम चोख आहे आणि मी ते सोडत नाही. पण वाढ केव्हा सुरू होणार हे शेल्फ ठरवत नाही, आणि तापमानाच्या आलेखांवर त्या जुन्या मीचा जो विश्वास होता, तोही मला आता पटत नाही. स्लरीत थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणारी, तार बुडवली की तीच तार बर्फाला रुजायला आधार देऊ शकते. ज्या जागी आपण मोजतो ती जागा इतरांच्या आधी गोठते, आणि न मोजलेल्या जागांबद्दल आलेख गप्प राहतो. ती जुनी मी म्हणेल, मग मोजणेच सोडायचे का? नाही. पण आलेख दाखवून समोरच्याला निरुत्तर करता येईल, असे मी आता मानत नाही.

उपाय आहेत. दाब अचानक उतरवून किंवा गोठलेल्या धुक्याचे कण आत सोडून बर्फ ठरलेल्या तापमानाला रुजवता येतो. औषधांच्या कुप्यांसाठी ही तंत्रे वापरात आहेत, पण रुंद ट्रेमधल्या घट्ट स्लरीत ती सगळीकडे सारखी पोहोचतील का, याबद्दल मी साशंक आहे. गोठवल्यानंतर उणे १० च्या आसपास काही काळ थांबवले तर लहान स्फटिक विरून मोठे वाढतात आणि छिद्रांचा आकार वाढतो. हा मार्ग आम्ही धरला आहे. आता प्रत्येक खेपेबरोबर मी एकच सरासरी देत नाही. ट्रेच्या मध्याची, कडेची, वरच्या आणि खालच्या थराची मोजमापे वेगवेगळी देते, आणि ती वाचायला वेळ लागतो अशी तक्रार येते.

तो गट अजूनही ‘जुना स्पंज’ मागतो. थांबवून गोठवलेल्या स्पंजाची सरासरी जुन्याच्या जवळ आली आहे, पण भिंतींची जाडी आणि छिद्रे एकमेकांना कुठे जोडलेली आहेत हे त्या सरासरीत दिसत नाही, म्हणून त्याला जुना म्हणायला मी तयार नाही. त्यांना मी नमुने पाठवले आहेत आणि यावेळी दोन्ही स्पंजांसाठी एकाच खेपेच्या पेशी वापराव्यात, अशी लेखी विनंती सोबत जोडली आहे.